आवाज उतरवा, रात्र परत मिळेल

गेल्या काही हंगामांतल्या शास्त्रीय संगीताच्या मैफलींबद्दल तक्रार करायची, तर ती गाण्याबद्दल करता येत नाही. तिशी-पस्तिशीतले गायक-गायिका झुमऱ्यात किंवा विलंबित एकतालात पाऊण तास ख्याल उभा करतात, लय हलत नाही, बंदिशीचे शब्द खाल्ले जात नाहीत. साथीची फळीही भरभक्कम आहे. बिघडलंय ते वेगळंच. सभागृहात तिसऱ्या रांगेत बसलं की डग्ग्याचा प्रत्येक घुमारा छातीवर आदळतो, पेटी गायकाच्या स्वराच्या पुढे येऊन उभी राहते आणि ज्या तंबोऱ्यांच्या आधाराने हे सगळं चाललेलं असतं ते नुसते दिसतात, ऐकू येत नाहीत. मध्यंतरात चहाच्या रांगेत निकाल लागतो, ‘आज आवाज लागला नाही.’ पुष्कळदा आवाज लागलेला असतो. गळ्यापासून खुर्चीपर्यंतच्या वाटेत त्याचं काहीतरी झालेलं असतं.

बंद सभागृहातली ख्यालाची मैफल आज ज्या पातळीवर ऐकवली जाते, त्याहून ती ८ ते १० डेसिबल खाली यायला हवी. कानाला हा फरक साधारण निम्म्या आवाजाइतका वाटतो. आणि ही केवळ कानसेनांची चैन नाही. आवाज उतरवला, तर रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकबंदीमुळे आपण जी रात्र गमावून बसलो आहोत तीही बऱ्याच अंशी परत मिळवता येते. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे, हे आयोजकांच्या आणि रसिकांच्याही फारसं लक्षात आलेलं दिसत नाही.

आधी मंच पाहू. ख्यालगायनाला आज किती माइक असतात ते मोजा. गायकाला एक, मागे स्वरसाथ करणाऱ्या दोन शिष्यांना दोन, दोन तंबोऱ्यांना दोन, पेटीला एक किंवा दोन, तबल्याला एक, डग्ग्याला एक. झाले आठ-नऊ. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी (स्पीकरचा आवाज माइकात परत शिरून होणारी) वाजायच्या आधी आवाज जितका वाढवता येतो, त्यातले ३ डेसिबल कमी होतात. एकाचे आठ माइक झाले की ९ डेसिबल गेले. मग साउंडवाला इक्वलायझरवर शिट्टी देणाऱ्या पट्ट्या शोधून एकेक खाली ओढतो. यातल्या बऱ्याच पट्ट्या १००० ते ४००० हर्ट्झच्या दरम्यान निघतात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यांत व्यंजनांची धार, गळ्याचं तेज आणि तंबोऱ्याच्या जवारीची, म्हणजे तारेच्या झणकाराची, झळाळी असते. शिट्टी थांबते, पण आवाजाला घोंगडं पांघरल्यासारखं होतं. ‘शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार आली की उपाय काय? आवाज आणखी वाढवायचा!

त्यात मॉनिटरची, म्हणजे कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरची, भर. गायक बैठक मारल्यावर पहिल्या पाच मिनिटांत खूण करतो, ‘माझा आवाज थोडा वाढवा.’ मग तबलावादकाला स्वतःचा तबला ऐकू येईनासा होतो, तो वाढवायला सांगतो आणि तोवर हातही जड ठेवतो. मग पेटी. प्रत्येक वाढ सगळ्या उघड्या माइकांत शिरते. मॉनिटर कलाकारांकडे तोंड करून असला तरी त्याचा खालचा, गुबगुबीत आवाज चहूकडे पसरतो, मागच्या भिंतीवरून परत येतो आणि पुढच्या रांगांवर सांडतो. त्याच्या वर राहायचं म्हणून मुख्य स्पीकर चढतात. अर्ध्या तासात सुरुवातीपेक्षा पाच-सहा डेसिबल वाढलेले असतात आणि ते कुणी मुद्दाम वाढवलेले नसतात. ‘वाढवा’ म्हणणारे मंचावर चार जण असतात, ‘कमी करा’ म्हणायला मात्र कुणालाच नेमलेलं नसतं.

मॉनिटरची इतकी गरज का भासते? कारण कलाकार एकमेकांपासून लांब बसतात. मंच नाटकासाठी बांधलेला, रुंद. मधे फुलांची सजावट, मागे एलईडी पडदा, कॅमेऱ्याला प्रत्येकाचा चेहरा मोकळा हवा. म्हणून पेटी तिकडे, तबला इकडे, तंबोरे मागच्या रांगेत. जुन्या बैठकीत साथीदार गवयापासून हातभर अंतरावर असत, ते काही जागा अपुरी होती म्हणून नाही. उघड्यावर अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकट मिळतात, बंद मंचावर थोडे कमी. अडीच मीटरवरची पेटी सव्वा मीटरवर आणली, तर पेटीचा मॉनिटर बहुधा बंदच करता येतो. कॅमेरामनची नाराजी पत्करावी.

आता तंबोरा. आवाजाच्या समतोलाचा प्रश्न इथे थेट सुराचा प्रश्न होतो, म्हणून जरा सविस्तर. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज (सर्वांत खालचा षड्ज) अशी चार तारांची जुळणी. मालकंसात पंचमाऐवजी मध्यम, मारवा-पूरियात निषाद. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागावर तार अलगद टेकत-सुटत राहते, तार आणि घोडी यांच्यामधला दोरा केसभर सरकवून ती जागा नेमकी साधली जाते आणि मग तारेतून एका सुराऐवजी स्वरांशांची, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या सूक्ष्म सुरांची, अख्खी माळ सुटते. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. त्याचा पाचवा स्वरांश ३४६ हर्ट्झच्या आसपास येतो, हाच तो स्वयंभू गंधार. पेटीवर त्याच सप्तकातला गंधार वाजवला की समान स्वरांतरांच्या जुळणीमुळे तो ३४९ हर्ट्झच्या पुढे लागतो. म्हणजे तंबोऱ्यापेक्षा सुमारे १४ सेंट चढा (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर १०० सेंट). दोन्ही एकत्र ऐकले तर सेकंदाला जवळपास तीन हेलकावे पडतात. २२ श्रुतींची पेटी डॉ. विद्याधर ओक यांनी करून दाखवली आहे, पण मैफलीत येणाऱ्या बहुतेक पेट्या नेहमीच्याच जुळणीच्या असतात.

याचा अर्थ असा: तंबोरा पेटीच्या वर राहिला, तर यमनचा गंधार गायक तंबोऱ्यात मिसळवतो. पेटी वर राहिली, तर कळत-नकळत तो पेटीकडे सरकतो. कुणाचा आवाज किती ठेवायचा, हा तांत्रिक निर्णय आहे असं म्हणून आपण तो साउंडवाल्यावर सोडतो. प्रत्यक्षात तो श्रुतीचा, म्हणजे सुराच्या नेमक्या जागेचा, निर्णय असतो. कुमार गंधर्व तंबोरे जुळवण्यावर इतका जीव का टाकत, हे इथे कळतं. किशोरीताई आमोणकर ध्वनिव्यवस्थेबाबत काटेकोर होत्या, त्याला लोक लहर म्हणत. ती लहर नव्हती.

तंबोऱ्याचा माइक बहुतेक ठिकाणी भोपळ्यासमोर लावलेला दिसतो. भोपळ्यातून घुमारा मिळतो, पण जवारी घोडीपाशी जन्मते. छोटा कंडेन्सर माइक घोडीकडे रोखून वीत-दीड वीत अंतरावर ठेवला तर तंबोरा ओळखू येतो. त्याहून सोपं म्हणजे तंबोऱ्याला माइकच न देणं. गायकाने तोंड माइकला न चिकटवता हातभर अंतर ठेवलं आणि तंबोरे त्याच्या खांद्यामागे दोन्ही बाजूंना जवळ बसवले, तर गायकाच्याच माइकात ते योग्य प्रमाणात येतात. मात्र या सगळ्याला वाजणारे तंबोरे लागतात. हल्ली मंचावर दोन देखणे तंबोरे आणि तारेने मिक्सरला जोडलेला फोन असा प्रकार सर्रास दिसतो, म्हणजे फोटोसाठी तंबोरे आणि सुरासाठी अ‍ॅप. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा सगळ्यांना अभिमान आहे. मिरजेच्या कारागिराने दिवस घालवून काढलेली जवारी सभागृहात कुणाला ऐकूच येत नसेल, तर त्या मानांकनाचं करायचं काय?

तंबोरे आणि तबले मैफलीच्या किमान तासभर आधी मंचावर, दिवे आणि वातानुकूलन चालू ठेवून, आणून ठेवावे लागतात. कोरड्या गार हवेत तबल्याची पुडी ताणली जाऊन सूर चढतो. दिव्यांच्या उष्णतेने पोलादी तार सैल पडून उतरते. एक चढतो, दुसरा उतरतो, आणि ख्यालाच्या विसाव्या मिनिटाला गायकाला थांबून मणी सरकवावे लागतात. लोक समजतात कलाकार वेळ काढतोय.

उरलेले तीन दोष भराभर. पहिला सबवूफरचा, म्हणजे फक्त खालचे, दणदणीत स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा: लग्नाच्या वरातीला आणि गाण्यांच्या ऑर्केस्ट्राला जी यंत्रणा जाते तीच ख्यालाला येते आणि गायकाचा आवाज, तंबोरा, पेटी सगळं सबमध्येही सोडलं जातं. मग डग्ग्याची मींड ऐकूच येत नाही, फक्त दणका राहतो. ख्यालाला सब बंद ठेवले तरी चालतात, ठेवायचेच असतील तर त्यांत फक्त डग्गा जावा आणि तोही जेमतेम. दुसरा दोष त्याच्या उलट. गायनासाठी ठरलेलं तयार सेटिंग टाकून १२० हर्ट्झखालचं सगळं कापलं जातं. काळी एकच्या गायकाचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झचा असतो. म्हणजे आलापी मंद्रात उतरली की सूर कळतो, पण त्याचं वजन जातं. हे कापणं पुरुष गायकासाठी ७०-८० च्या वर नसावं, काळी चार-पाचच्या गायिकेसाठी थोडं वर चालतं.

तिसरा दोष कॉम्प्रेसर (आवाजाचे चढ दाबणारं यंत्र) आणि रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) यांचा. कॉम्प्रेसर ४:१ ला लावला, तर ठरवलेल्या मर्यादेच्या वर गायकाने घेतलेला २० डेसिबलचा चढ ५ डेसिबलचा होऊन बाहेर पडतो. दबत्या आवाजातला आलाप आणि सणसणीत तान एकाच उंचीच्या होतात. मग सम येते ती फक्त मात्रेने. आणि रिव्हर्बचं गणित तर तोंडी होण्यासारखं आहे: द्रुत तानेत सेकंदाला आठ स्वर धरले आणि दोन सेकंदांचा रिव्हर्ब लावला, तर कुठल्याही क्षणी मागचे सोळा स्वर हवेत तरंगत असतात. सपाट तान असेल तर निभावतं, अलंकारिक तानेचा चिखल होतो.

इथे कुणी म्हणेल, मग माइकच नको म्हणा की. तसं म्हणणं नाही. संगीत नाटकांच्या ऐन बहरात नट माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचवत. त्यासाठी आवाज फेकावा लागे, आणि फेकलेल्या आवाजात काही गोष्टी होत नाहीत. माइक आला म्हणून कुजबुजीइतका हलका स्वरलगाव शक्य झाला. क्षयाने फुप्फुस निकामी झालेल्या कुमारांच्या छोट्या, अचानक उजळणाऱ्या स्वराकृती सभागृहभर पोहोचल्या त्या माइकमुळे. ध्वनिवर्धनाने ख्यालाला नवी भाषा दिली, हे नाकारणं कोतेपणाचं होईल. वाद माइकशी नाही. दूरच्याला जवळ आणणं हे त्याचं काम. ते झाल्यावरही तो वाढतच राहतो, तिथे वाद आहे.

वास्तूचाही वाटा आहे. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर १९८० मध्ये उघडलं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची. सुमारे हजार प्रेक्षकांना भारतीय संगीत ध्वनिवर्धनाशिवाय ऐकू यावं, या हेतूने ते बांधलं गेलं. तिथेही आज बहुतेक मैफली माइकवरच होतात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. महापालिकांची नाट्यगृहं मात्र बोलण्यासाठी बांधलेली. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं, आणि त्यानंतर गावोगावी उभी राहिलेली नाट्यगृहंही त्याच वळणाची. संवाद स्पष्ट ऐकू यावा म्हणून ती कोरडी ठेवलेली असतात आणि गाण्याला कोरडी जागा रुक्ष वाटते. तिथे थोडा रिव्हर्ब, एक ते सव्वा सेकंदाचा, समजू शकतो. पण नूतनीकरणाचा ठराव येतो तेव्हा खुर्च्या, रंग, वातानुकूलन आणि पार्किंग यांवर चर्चा होते. ध्वनितज्ज्ञाचा सल्ला हा निविदेतला एक रकाना असतो. गोव्यातल्या कला अकादमीच्या नूतनीकरणानंतर तिथल्या ध्वनिव्यवस्थेवर कलाकारांनीच आक्षेप घेतले, तेव्हा कुठे हा विषय वर्तमानपत्रांत आला.

मंडपातला महोत्सव हे वेगळं प्रकरण. हजारो श्रोते असतील तर ध्वनिवर्धन मोठंच लागतं. तिथे दोष पातळीचा कमी आणि वेळेचा जास्त असतो. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. मंचापासून ३० मीटरवर लावलेला स्पीकर सुमारे ८७ मिलिसेकंद उशिराने वाजवला नाही, तर मागच्या श्रोत्याला प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो. तबल्याची तिहाई मग तिहाई राहत नाही. मिक्सरवर हा आकडा भरायला मिनिटभर पुरतं. मोजपट्टी घेऊन अंतर मोजायला दहा मिनिटं.

मग हे होत का नाही? पैसा हे कारण आहे, पण मुख्य नाही. गायकाचं मानधन, सभागृहाचं भाडं, छपाई, हारतुरे या सगळ्यांनंतर ध्वनीचा क्रमांक लागतो आणि तिथे ‘किती हजार वॉट’ या एकाच मापावर सौदा होतो. खरी चणचण वेळेची आहे. महापालिकेची नाट्यगृहं सत्रांवर दिली जातात. दुपारचं नाटक उठायला उशीर होतो, नेपथ्य निघेपर्यंत साडेचार वाजतात, साडेपाचला मैफल. गायक सव्वापाचला पोहोचतो. आवाजाची तपासणी म्हणजे ‘हॅलो, हॅलो, चेक’ आणि एक षड्ज. शिवाय ती रिकाम्या सभागृहात होते. माणसं भरली की वरच्या पट्टीतला आवाज शोषला जातो आणि सगळं पुन्हा जुळवावं लागतं. हे जुळवायला जो माणूस बसलाय, त्याला आज भूप आहे की देशकार, याच्याशी कर्तव्य नसतं, आणि त्यात त्याचा दोषही नाही. काल त्याने कीर्तन केलं, उद्या त्याला कंपनीचं वार्षिक संमेलन आहे.

तीनशे-चारशे खुर्च्यांच्या सभागृहात क्रम असा ठेवून पाहावा. सगळे माइक बंद, मॉनिटर बंद. गायकाने आणि साथीदारांनी मैफलीत बसणार तसं जवळ बसून पाच मिनिटं गावं-वाजवावं. ध्वनीची जबाबदारी असलेल्याने शेवटच्या रांगेत उभं राहून ऐकावं. तिथे काय कमी पडतं, तेवढंच वाढवायचं. बहुधा प्रथम गायकाचे शब्द कमी पडतात, म्हणून पहिला माइक गायकाचा. मग तंबोऱ्याचा अंदाज, मग पेटी. तबला सर्वांत शेवटी, आणि अनेकदा त्याला माइकची गरजच नसते, फार तर डग्ग्याला किंचित. मॉनिटर द्यायचाच तर एक, गायकापुरता, त्यात फक्त स्वतःचा स्वर आणि तंबोरा. मग मधल्या रांगेत मीटरने मोजावं. ख्यालाला सरासरी ७५ ते ८० डेसिबल पुरतात, द्रुतात आणि तराण्यात क्षणभर ८८-९० झाले तरी बिघडत नाही. हा आकडा चिकटपट्टीवर लिहून मिक्सरवर लावावा आणि मध्यंतरानंतर पुन्हा तिथूनच सुरुवात करावी. पहिली दहा मिनिटं लोकांना आवाज कमी वाटेल. कान स्थिरावतात. हाच टप्पा आयोजकाने धीराने काढायचा असतो, कारण याच दहा मिनिटांत मागून कुणीतरी ‘आवाज!’ म्हणून ओरडतो.

कानांचाही हिशोब आहे. कामाच्या जागी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सर्वमान्य शिफारस, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. दोन कलाकारांची मैफल साडेतीन तास चालते. स्पीकरजवळच्या पहिल्या चार रांगांत ९४ सहज भरतात. या रांगांत बसतात कोण? निमंत्रित, देणगीदार आणि ज्येष्ठ नागरिक. खरा धोका मात्र कलाकारांना, ज्यांचा मॉनिटर मीटरभर अंतरावर वर्षभर चालू असतो.

आता रात्रीकडे. सवाई गंधर्वांचं निधन १९५२ मध्ये झालं आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशी यांनी पुण्यात त्यांच्या स्मृतीचा महोत्सव सुरू केला. या महोत्सवाची सत्रं रात्रभर चालत, सकाळी संपत. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भक्कम आधार दिला आणि खुल्या मंडपातली रात्र संपली. आता वर्षातून काही ठरावीक दिवस बारापर्यंतची सवलत मिळते, तीही राज्य सरकार देईल तेव्हा आणि वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. परिणाम सर्वांसमोर आहे. मैफल साडेपाचला सुरू होऊन साडेनऊला आटपते. पूरिया धनाश्री, मारवा, यमन, मारुबिहाग यांची चंगळ. बागेश्री घाईघाईने. दरबारी आठ वाजता, बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत असताना. मध्यरात्रीनंतरचे अडाणा-शहाणा आणि उत्तररात्रीचे सोहनी-परज मैफलीत ऐकू आले तरी आपल्या वेळेला नाहीत. ललतच्या वाट्याला दिवाळी पहाट येते. तिथेही ध्वनिवर्धक सहाआधी लावता येत नाही. दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रायोजकांचे आभार होऊन गायक बसेपर्यंत चक्क उजाडलेलं असतं.

रागसमय ही केवळ प्रथा आहे, असं मानणारेही जाणकार आहेत. असू देत. पण वीस-पंचवीस वर्षं एखाद्या पिढीने मध्यरात्रीचे राग मध्यरात्री ऐकलेच नाहीत, तर ती प्रथा मोडली की मरू दिली, हा प्रश्न उरतो.

आणि इथे नियम नीट वाचायला हवा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक आणि वाद्यांना बंदी आहे ती बंद जागा वगळून. प्रेक्षागृह, परिषदगृह, सामाजिक सभागृह, मेजवानीचं सभागृह यांचा उल्लेख नियमातच अपवाद म्हणून आहे. आतला आवाज आतल्यांसाठी, एवढीच अट. बाहेर मात्र मोजमाप लागू होतं: निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ४०, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्याहून १० डेसिबलपेक्षा वर जाता कामा नये. आता हिशोब करा. चांगल्या बांधणीच्या सभागृहाच्या भिंती आणि बंद दारं साधारण ३० ते ३५ डेसिबल अडवतात. आत सरासरी ७८ असतील, तर बाहेर ४३ ते ४८. आत ९५ असतील, तर बाहेर ६० ते ६५ आणि पोलिसांना फोन. म्हणजे मंद आवाजातली रात्रभराची मैफल नियमात बसू शकते, आजच्या पातळीवरची बसत नाही. शिवाय भिंती खालचे स्वर सर्वांत कमी अडवतात, आणि डेसिबल मोजण्याची नेहमीची पद्धत हेच खालचे स्वर कमी धरते. मीटर गप्प असतानाही शेजारच्या इमारतीत दणके पोहोचतात. सब बंद ठेवण्याचं हे दुसरं कारण.

अडचणी आहेत, त्या झाकून उपयोग नाही. स्थानिक परवान्यात वेळेची वेगळी अट असू शकते, ती आधी पाहावी लागते. नाट्यगृहाचे कर्मचारी रात्रभर थांबायचे तर त्यांना जादा मोबदला द्यायला हवा, पोटभर खाणं द्यायला हवं. मुंबईत शेवटची लोकल चुकली की पहिलीपर्यंत थांबणं भाग, तेव्हा मैफल एक वाजता संपवणं हा सर्वांत वाईट पर्याय. संपवायची तर साडेअकराला, नाहीतर पाचला. स्त्रियांना एकट्याने यायचं असेल तर सभागृहाची दारं सकाळपर्यंत उघडी आणि प्रवेशद्वारी माणूस, हे लागतंच. पत्रे घातलेलं छत, उघडी झरोक्याची खिडकी, वातानुकूलनाची बाहेर तोंड असलेली नळी यांतून आवाज गळतो, म्हणून सभागृह निवडताना आधी एका रात्री आत तंबोरा-तबला वाजवून बाहेर रस्त्यावर मीटर धरून उभं राहावं. फोनवरचं अ‍ॅप दोन-चार डेसिबल चुकतं, पण आत-बाहेरचा फरक सांगायला पुरेसं आहे.

मोठ्या महोत्सवांनी संध्याकाळ मंडपात आणि एखादी रात्र जवळच्या बंद सभागृहात, वेगळ्या तिकिटावर, अशी वाटणी करून पाहायला हरकत नाही. पण सुरुवात त्यांच्याकडून होईल, ही अपेक्षा नाही. त्यांना प्रायोजकाचा पडदा झळकवायचा असतो. हे जमेल ते दोनशे-अडीचशे खुर्च्यांचं सभागृह चालवणाऱ्या संगीत मंडळांना. १८८३ पासून चालत आलेल्या कोल्हापूरच्या गायन समाज देवल क्लबसारख्या संस्थांचा पिंडच बैठकीचा. रात्री साडेनऊ ते पहाटे पाच, तीनच कलाकार, प्रत्येकी सव्वादोन तास, मधे दोन मध्यंतरं. एक गायन, एक सतार किंवा सरोद, शेवटी पुन्हा गायन. वाद्याला तर माइक जवळपास नकोच. पत्रिकेवर तबला आणि पेटीच्या साथीदारांच्या खाली ध्वनीची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याचंही नाव छापावं. एकदा नाव छापलं की माणूस तपासणीला साडेचारलाच येतो. तिकीट संध्याकाळच्या मैफलीहून दीडपट ठेवलं तरी चालेल, त्यात चहा दोनदा आणि उपमा एकदा धरावा. परवान्याच्या अर्जाला सभागृहाचा नकाशा आणि आत-बाहेरच्या डेसिबलच्या नोंदींचा कागद जोडावा. अर्ज पोलीस ठाण्यात किमान महिनाभर आधी द्यावा आणि पोचपावतीची प्रत मैफलीच्या रात्री दाराशी बसणाऱ्याच्या खिशात असू द्यावी.